वकिलाचा वांटा

अमेरिकेंतील वादीपक्षाच्या वकिलांचा विषय निघाला कीं आमच्याकडील विद्वान् मंडळी नाक मुरडतात. दाव्यांत यश आल्यास वसूल रकमेचा हिस्सा, सामान्यतः एक-तृतीयांश, घ्यावयाचा. अपयश आल्यास मेहनताना मागावयाचा नाहीं. आणि मधला साक्षीपुराव्याचा खर्चहि बहुधा पदरचा करावयाचा, असा या वकिलांचा करार असतो. ही वकिली नव्हे, न्यायाच्या नांवाखालीं चाललेला जुगार होय, असा या मंडळींचा आक्षेप. गिधाडांची उपमा तर आतां घासून गुळगुळीत झाली आहे.

आक्षेप अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ता. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीं भोपाळ शहरावर विषारी वायु पसरला, आणि थोड्याच दिवसांत कित्येक अमेरिकन वकील तेथें उतरून पीडितांचीं वकीलपत्रें गोळा करूं लागले. दृश्य किळसवाणें होतें खरें. परंतु पुढें जें झालें तें कितपत शोभनीय होतें? १९८५ च्या कायद्यानें सर्व पीडितांच्या वतीनें भांडण्याचा अधिकार सरकारनें आपल्या एकट्याकडे घेतला. १९८६ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या न्यायाधीशानें हा वाद भारतांतच चालावा असें ठरविलें. सरकारनें मागितले सुमारें ३३० कोटि डॉलर. १९८९ च्या फेब्रुवारींत तडजोड केली ४७ कोटींवर. ज्यांचीं माणसें मेलीं त्यांस कोणी विचारलेंहि नाहीं! अधिक रकमेसाठीं पुढें सरकारनेंच केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं फेटाळला. वांटा घेणारा वकील लोभी म्हणा. पण साध्या दाव्यांत अशिलाच्या संमतीवांचून त्याला तडजोड करतां येत नाहीं. सरकारला ती करतां आली.

या प्रकरणीं अमेरिकेंत सरकारनें जी पेढी नेमिली होती, तिचाच पुढील इतिहास पाहा. मिनिआपोलिस येथें १९३८ सालीं स्थापन झालेली ही रॉबिन्स-कॅप्लान पेढी १९९४ सालीं मिनेसोटा राज्याच्या वतीनें तंबाखूच्या कंपन्यांविरुद्ध उभी राहिली, तीहि यशावर मेहनताना ठरवून. १९९८ च्या मे महिन्यांत कंपन्यांनीं ६०० कोटि डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचें कबूल केलें. रकमेहून मोठें फळ निराळेंच: कंपन्यांच्या कपाटांत दडलेले कोट्यवधि पानांचे कागद जगापुढें उघडे पडले. एवढ्या झगड्याचा धोका एक सबंध राज्यहि वकिलावर सोंपवितें. मग रोजमजुराची काय कथा?

आमच्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनीं वकिलास असा करार मना आहे. हेतु उदात्त असेल. परंतु यांतील विसंगति कोणाच्या लक्षांत येते काय? वकिलाऐवजीं एखाद्या धनिकानें दाव्यांत पैसा लावून वांटा घेतल्यास त्यास बंदी दिसत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानेंच २०१८ सालीं म्हटलें. आमच्या महाराष्ट्रांत तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २५ व्या आदेशांत दुरुस्ती करून अशा धनिकाची दखलहि घेतली आहे. म्हणजे सावकाराचा वांटा सोवळा, आणि राबणाऱ्या वकिलाचा तेवढा विटाळ!

लोभास वेसण अवश्य घालावी. वांट्याची मर्यादा कायद्यानें ठरवावी, करार न्यायालयानें तपासावा, अशिलास फसविणाऱ्याची सनद काढून घ्यावी. परंतु वेसण घालणें निराळें आणि बैलच गोठ्याबाहेर काढूं न देणें निराळें. न्यायमंदिराचें दार गरिबास उघडें आहे, एवढें सांगून भागत नाहीं. त्याला हात धरून आंत नेणारा कोणी तरी हवा. आगाऊ द्यावयास त्याच्यापाशीं पैसा नाहीं. मिळेल त्यांतील वांटा देण्यावांचून त्याच्या हातीं उरतें काय? आणि तेंहि आम्ही त्याला करूं देत नाहीं.