आजार परत आला म्हणून तिचे ताट काढून घेऊ नका

अंडाशयाचा कॅन्सर परत आला की घरात पहिली बंदी येते ती अंड्यावर आणि मटणावर. 'लिव्हरला जड पडतं' असे कुणीतरी सांगून जाते. मग तेल बंद, डाळ पातळ, हळूहळू भाकरीही अर्धी. त्याच आठवड्यात लिव्हर साफ करणारी बाटली घरात येते, पाठोपाठ गुळवेलाचा काढा, कोरफडीचा रस, पपईच्या पानांचे पाणी. महिन्याभरात बाई निम्मी होते आणि शेजारपाजार म्हणतो, आजाराने खाल्ली. माझे म्हणणे असे की त्यातले सगळेच आजाराने खाल्लेले नसते. थोडे आपणच तिच्या ताटातून काढून घेतलेले असते.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या वस्त्यांत गर्भाशय, गर्भाशयाचे तोंड आणि अंडाशय या तिन्हींच्या कॅन्सरला एकच नाव आहे, पिशवीचा कॅन्सर. त्यामुळे घोटाळा होतो. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आहे, आणि ती खेड्यातही उपयोगी पडते हे जगाला दाखवून देण्यात आपल्या जिल्ह्याचा वाटा आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक लाख एकतीस हजारांवर बायकांचा अभ्यास केला. एकाच एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असा निकाल २००९ साली छापून आला. अंडाशयासाठी मात्र असली तपासणी अजून नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांची वर्षानुवर्षे रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून पाहिली. त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, असे २०२१ साली कळले. पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे, एवढीच या आजाराची लक्षणे. ती गॅस म्हणून सोडून दिली जातात. म्हणून बहुतेक बायकांचा आजार पोटात पसरल्यावरच सापडतो.

आणि असा उशिरा सापडलेला आजार ऑपरेशन, केमोने गेला तरी बहुतेकींना परत येतो, बऱ्याचदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच. हे कडू आहे, पण घरात सगळ्यांना माहीत असावे. कारण आजार परतला की दोष शोधणे सुरू होते. तिने मटण खाल्ले, ती कामावर लवकर गेली, सुनेने पथ्य पाळले नाही. यातले काहीही कारण नसते. पहिल्या केमोतून वाचलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी पुन्हा वाढतात, एवढेच घडलेले असते.

परत आला म्हणजे सगळे संपले, असेही नाही. कार्बोप्लॅटिनचा शेवटचा डोस होऊन सहा महिन्यांच्या वर काळ गेला असेल, तर तेच औषध पुष्कळदा पुन्हा लागू पडते. सहा महिन्यांच्या आत परतला तर डॉक्टर औषध बदलतात. रक्ताची बीआरसीए तपासणी केली असेल तर काहींना गोळ्यांचाही उपयोग होतो. तो दोष निघाला तर तिच्या बहिणींनी आणि मुलींनीही डॉक्टरांना भेटले पाहिजे. बरा होणे बहुतेकींच्या बाबतीत मागे पडते, पण काही महिने, काही वर्षे चांगली काढता येतात. ती वर्षे अंगात ताकद असेल तरच चांगली जातात. म्हणून ताटाची गोष्ट एवढी मोठी.

सीए-१२५ या रक्ततपासणीबद्दलही थोडे सांगतो. आकडा वाढला की घर रात्रभर जागे राहते. ५२९ बायकांच्या एका अभ्यासात केवळ आकडा वाढला म्हणून लगेच केमो सुरू करणे आणि त्रास सुरू होईपर्यंत थांबणे, या दोन्हींची तुलना झाली. आयुष्यात फरक पडला नाही. निकाल २०१० सालचा आहे. तपासणी करूच नका असे मी म्हणत नाही. पण नुसत्या आकड्यावर 'आजच केमो द्या' म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नये, आणि दर पंधरा दिवसांनी स्वतःच्या मनाने लॅब गाठू नये.

आता लिव्हर. आपल्याकडे पोटात पाणी झाले म्हणजे लिव्हर गेले, असे समीकरण पक्के आहे, कारण दारूने पोटात पाणी झालेले पुरुष प्रत्येक वस्तीने पाहिले आहेत. अंडाशयाच्या कॅन्सरमधले पाणी सहसा वेगळे असते. आजाराच्या गाठी पोटाच्या आतल्या पडद्यावर बसतात आणि तिथून पाणी सुटते. लिव्हर धडधाकट असतानाही पोट भरते. त्यावर लिव्हरचे टॉनिक पाजून काय होणार? ते पाणी सुईने काढावे लागते. 'एकदा काढले की पुन्हा भरते' म्हणून घरचे नकार देतात. भरते हे खरे. पण काढल्यावर तिला श्वास घेता येतो, झोप लागते आणि पोटात चार घासांना जागा होते. पाण्याबरोबर प्रथिने जातात, ती खाऊनच भरून काढायची.

लिव्हरचा खरा संबंध औषधांशी आहे. कार्बोप्लॅटिन बहुतांशी लघवीवाटे बाहेर पडते, पण पॅक्लिटॅक्सेल लिव्हर मोडते. म्हणून डॉक्टर केमोआधी बिलिरुबिन, एसजीपीटी बघतात आणि गरज पडली तर डोस कमी करतात किंवा पुढे ढकलतात. अशा वेळी लिव्हरवर भलत्या काढ्यांचे ओझे टाकणे म्हणजे तिचा डोस आपणच चुकवणे. करोनाच्या काळात ताकद वाढावी म्हणून गुळवेल घेतलेल्या सहा जणांचे लिव्हर बिघडलेले मुंबईच्या डॉक्टरांनी पाहिले आणि २०२१ साली छापले. नंतर देशभरातल्या रुग्णालयांतून असे ४३ रुग्ण नोंदले गेले. हळदीच्या, ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सुलांनीही लिव्हरला इजा झाल्याची नोंद आहे. भाजीत पडणारी चिमूटभर हळद वेगळी, ती खुशाल घाला. झाडपाल्याचे म्हणून निरुपद्रवी, हा समज सोडून द्या. जे काही घेता ते डॉक्टरांना दाखवा, बाटलीसकट.

डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊ नका. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर जो पिवळा रंग दिसतो तो हाताला आधी चोळलेल्या सालीच्या रसाचा असतो, रोगाचा नव्हे. सोनोग्राफी लागते. पित्ताची नळी दाबली गेली असेल तर ती मोकळी करता येते, पण त्यासाठी दिवस वाया घालवून चालत नाही. केमोआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का, हेही विचारा. अंगात लपलेला हा विषाणू केमोत उसळतो आणि लिव्हर खातो. आधी कळले तर गोळ्यांनी आवरता येतो.

मग लिव्हरसाठी खायचे काय? लिव्हर साफ करणारे अन्न असे काही नसते, ते स्वतःच साफसफाई करते. आपल्या हाती एवढेच की त्याला त्रास देऊ नये आणि बाईला उपाशी ठेवू नये. दारू पूर्ण बंद. बुरशी लागलेले, काळे पडलेले, कडवट शेंगदाणे फेकून द्या. आपल्या सोलापूरकडे कूट प्रत्येक भाजीत, चटणी रोज ताटात, आणि स्वस्त मिळतात म्हणून खराब दाणे दळले जातात. त्या बुरशीचे विष थेट लिव्हरवर जाते, भाजल्याने पुरते जात नाही. पॅरासिटामॉलही मनाने घेत राहू नये.

प्रथिने बंद करा हा सल्ला जुना झाला. लिव्हरचा जुनाट आजार असलेल्यांनाही आता डॉक्टर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने द्यायला सांगतात, आणि कॅन्सरच्या रुग्णाला एक ते दीड ग्रॅम. पंचेचाळीस किलोच्या बाईला दिवसाला ४५ ते ६५ ग्रॅम. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात तेवढेच, मूठभर दाण्यांत सात, शिजलेल्या पावशेर कोंबडीत पन्नासाच्या पुढे. मटकी, हुलगे, सुकट, बोंबील, काळीज, हे आपल्या घरातले अन्न आहे आणि त्यात ताकद आहे. मांसाहार सोडला की रोग शुद्ध होतो, ही कल्पना वैद्यकाची नव्हे. ती कुठून आली हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. ज्यांना शाकाहारच हवा त्यांनी दूध, पनीर, डाळी वाढवाव्यात, पण मन मारून नव्हे. लिव्हरच्या बाटलीच्या पैशात किती अंडी येतात, हे एकदा दुकानात उभे राहून मोजा.

केमोच्या दिवसांत अंडे पूर्ण उकडलेले, मटण मऊ शिजलेले, मोड आलेली कडधान्ये शिजवूनच. मळमळ असेल तर दोन-दोन तासांनी थोडे थोडे: कण्या, नाचणीची आंबील, दूधभात, मुगाची खिचडी. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचे.

एक धोका घरच्यांना सहसा कुणी नीट सांगत नाही. हा आजार परतला की आतडी चिकटून अडकू शकतात. अशा वेळी चोथा नडतो. पोटात कळा येऊन थांबत असतील, पोट मध्येच टणक होत असेल तर भाकरी, कच्ची कोशिंबीर, देठाच्या पालेभाज्या, सालीसकट फळे थांबवा आणि डॉक्टरांना विचारून मऊ भात, गाळलेले वरण, दूध, अंडे यांवर या. उलट्या होऊ लागल्या आणि शौच, वारा दोन्ही थांबले तर रेचक देऊ नका. तो आतड्याला फोडायचा. तडक दवाखाना.

नातेपुत्याहून बार्शी शंभर किलोमीटरच्या पुढे, अकलूज, टेंभुर्णी, कुर्डुवाडी करत. तिथे १९८७ पासून कॅन्सरची नोंद ठेवली जाते, आणि ग्रामीण भागातली ती देशातली पहिली नोंदणी. मुंबईला टाटाला जावे लागले तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरचे रुग्ण उतरतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमोचा समावेश आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर फोन करा. रेल्वेत रुग्णाला स्लीपरचे भाडे माफ आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे, डॉक्टरांच्या दाखल्यावर. एसटीतही सवलत आहे, आगारात विचारा.

पैशाची सोय झाली तरी एक अडचण उरते, ती म्हणजे घरातली पंगत. आपल्याकडेही बाई शेवटी जेवते, आजारी असली तरी. भांड्यात उरेल ते तिचे. केमो चालू असेल तोवर तिला पहिल्यांदा वाढा, आणि अंडे तिच्याच ताटात जाईल हे नवऱ्याने पाहावे. मुलांना घातले की तिने खाल्ले, असे होत नाही.

आणि तिला खरे सांगा. डॉक्टर खोलीत मुलाला बोलावतात, आई बाहेर बाकावर बसते. मुलगा बाहेर येऊन म्हणतो, 'काही नाही, थोडी सूज आहे.' तिला कळत नाही असे वाटते का तुम्हाला? तिला पोट पुन्हा भरताना दिसते. तिला विचारले पाहिजे की आणखी केमो घ्यायची का, दुखणे कमी करणारी औषधे कधीपासून हवीत. ही औषधे शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची नसतात. दुखणे सुरू झाले त्या दिवसापासून मागायची असतात, केमो चालू असतानाही.

पुढच्या खेपेला गाडीत बसताना पिशवीत फाइल, रक्ताचे जुने सगळे कागद, घेतलेल्या काढ्यांच्या बाटल्या आणि उकडलेली दोन अंडी ठेवा. आणि डॉक्टरांच्या खोलीत तिला आत घेऊन जा.