नव्या लाकडाचं म्हातारपण

गेले तीन शनिवार-रविवार आमच्या बाल्कनीत सुतारकाम चालू आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा बेल वाजवून "अजून किती दिवस?" असं विचारून झालंय. सोमवार ते शुक्रवार कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाने शनिवारी हातोडी का बडवावी? तर बायकोला हॉलमध्ये 'रस्टिक फार्महाऊस' पद्धतीचं शेल्फ हवं होतं, आणि दुकानातली किंमत बघून मी "हे तर मी घरी करीन" असं बोलून बसलो.

लाकूड स्वस्तात मिळालं. कारखान्यांत ज्यावर माल येतो ती पाइनची पॅलेट्स भंगारवाल्यांकडे मिळतात. घेताना एक मात्र बघा. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चित्र असलेला शिक्का असतो. त्यात 'एचटी' असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला निदान ३० मिनिटं तापवून कीडमुक्त केलेलं असतं. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घरात आणू नका. तेलाचे किंवा केमिकलचे डाग असलेलंही नको. बाकी त्या पॅलेटचे खिळे उपटण्यात अख्खा रविवार गेला, त्याबद्दल न बोललेलं बरं.

खरी गंमत पुढे आहे. फळ्या पांढऱ्याफटक, आणि हवं होतं शंभर वर्षं जुनं दिसणारं लाकूड. त्याची कृती नेटवर ढिगाने आहे. व्हिनेगरमध्ये लोखंड भिजत घालायचं, त्याचं आयर्न ॲसिटेट होतं, ते लाकडातल्या टॅनिनला भेटलं की लाकूड राखाडी-काळं पडतं. पाइनमध्ये टॅनिन कमी, म्हणून आधी कडक कोऱ्या चहाचा हात मारायचा. मी भांडी घासायची स्टीलची घासणी टाकली आणि तीन दिवसांनी बघतो तर घासणी चकचकीत! स्टेनलेस स्टील ते, कसलं विरघळतंय. मग गंजके खिळे टाकले (पॅलेटमधलेच, फुकट काही जात नाही), तेव्हा कुठे जमलं. चहा लावलेल्या फळीवर ते पाणी फिरवलं की पाचेक मिनिटांत डोळ्यांदेखत रंग उतरत जातो. खरं सांगतो, गेल्या वर्षभरात ऑफिसात एवढा आनंद झाला नव्हता.

पण त्यापुढची पायरी होती साखळीने झोडपायची. म्हणजे नव्या फळीला सायकलच्या साखळीने बडवायचं, खिळ्याने भोकं पाडून किडीची सोंगं काढायची, कडा घासून झिजल्यासारख्या करायच्या. मी हे करत असताना सोसायटीत फर्निचरचं काम करणारे सुतारकाका डोकावले. जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, माझी सगळी उमर फळीवर ओरखडा पडू नये हे शिकण्यात गेली." आणि निघून गेले. साखळी मी तिथेच ठेवली.

विचार करा, मुद्दाम कुणी नवा कोड लीगसीसारखा लिहील का? जागोजागी ठिगळं, कुणालाच न कळणाऱ्या कॉमेंट्स... लिहिणारे आहेत म्हणा, पण हौसेने नाही.

या फार्महाऊस प्रकाराची गंमत बघा. अमेरिकेत त्याची लाट आली ती बरीचशी २०१३ साली सुरू झालेल्या 'फिक्सर अपर' या टीव्ही मालिकेमुळे. टेक्सासमधल्या वेको गावची जुनी घरं एक नवरा-बायको नव्याने करून द्यायचे. भिंतींवरचे थर काढले की आतून आडव्या लाकडी फळ्या निघायच्या, त्यांना शिपलॅप म्हणतात. प्रेक्षक खूश. पण ज्यांनी ती घरं बांधली त्यांनी त्या फळ्यांवर पातळ कापड ताणून वर वॉलपेपर चिकटवला होता. त्या कुणी बघायच्या नव्हत्याच. शेतकऱ्याने झाकलेलं ते आपण उघडं करून मिरवतो आणि त्याला शेतकऱ्याची शैली म्हणतो.

आणि हे आपल्याला कळायला टेक्सासला जायची गरज नाही. आमच्या गावच्या घराला सागवानी दरवाजा होता. आजोबांच्या हातात चार पैसे आले तेव्हा त्यांनी काय केलं असेल? त्यावर हिरवागार ऑइलपेंट मारला! साग काय, सगळ्यांकडेच होता. ऑइलपेंट ही ऐट होती.

ते घर २००९ साली पाडलं. सागाच्या तुळया, खांब, माजघरावरच्या कडीपाटाच्या फळ्या, सगळं एक वखारवाला टेम्पो भरून घेऊन गेला. त्या पैशात स्लॅबचं थोडंफार सिमेंट आलं. आबांनी फोनवर विचारलं होतं, "काही ठेवायचं का रे?" मी मीटिंगमधून बाहेर येऊन बोलत होतो. म्हणालो, "आबा, ती अडगळ. विकून टाका."

मागच्या आठवड्यात आबा आले होते. शेल्फवरून हात फिरवत म्हणाले, "चांगलं केलंयस. पण नवं लाकूड असं म्हातारं कशाला केलंस?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हा माझं मत असं, की लाकूडकाम जरूर करा, पण म्हातारपणाचं सोंग आणू नका. रंधा मारा, कुसं जातील एवढं घासा, जवसाचं तेल द्या आणि सोडून द्या. (तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.) पोरं खेळण्यातल्या गाड्या आपटतील, कपाचे गोल डाग पडतील, दहा वर्षांत व्हायचं ते होईल. आणि घरच्यांपैकी कुणी "काही ठेवायचं का" असं विचारलं तर मीटिंग सोडून नीट ऐका.

एक कवाड उरलंय. दरवाजाचा डावा अर्धा भाग आबांनी तेव्हा गोठ्याला लावला होता, तो अजून तिथेच आहे. माझा पहिला विचार रंग खरवडून साग उघडा करायचा होता. पण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा लागू झालीच मुळी नोव्हेंबर २०१७ मध्ये. चार वर्षांची मुलगी घरात असताना तो पॉलिश पेपरने घासून धूळ उडवायची नाही. पापुद्रे सुटलेले नसतील तर वरून पारदर्शक वॉर्निश मारून आजोबांचा हिरवा रंग तसाच ठेवायचा, असं ठरवलंय.

आबांना काल फोन करून सांगितलं. त्यांचा प्रश्न एकच, "मग गोठ्याला काय लावू?"

पॅलेटच्या फळ्या उरल्यात अजून. दिवाळीला जाताना घेऊन जाईन.