विश्लेषण : माणसांतून संपत आलेला नारू कुत्र्यांत कसा टिकला?

आफ्रिकेतील चाड या देशात या शतकाच्या सुरुवातीला सुमारे दहा वर्षे नारूचा एकही रुग्ण सरकारदरबारी नोंदला गेला नाही. २०१० मध्ये रुग्ण पुन्हा दिसले. २०१२ पासून तर गावातल्या कुत्र्यांच्या पायांतून तोच लांबलचक कृमी बाहेर पडताना आढळू लागला. २०१९ मध्ये जगभरात नारूचे ५४ मानवी रुग्ण होते, त्याच वर्षी एकट्या चाडमध्ये बाधित कुत्र्यांची संख्या १,९०० च्या पुढे गेली. रोग गेला होता आणि परत आला, की तो गेलाच नव्हता? या प्रश्नाचे उत्तर रुग्णनोंदींत सापडले नाही. ते कृमींच्या जनुकांत सापडले आणि सरकारी यंत्रणांना फारसे सुखावणारे नाही.

नारू कसा होतो?

महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला नारू नव्याने सांगावा लागत नाही. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवाच्या पोटात नारूच्या अळ्या असतात. असे पाणी न गाळता प्यायले की अळ्या शरीरात शिरतात. साधारण वर्षभराने जवळपास मीटरभर वाढलेली मादी बहुधा पायाच्या कातडीतून डोके बाहेर काढते. फोडाची आग शमवण्यासाठी माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि मादी लाखो अळ्या तिथेच सोडते. पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरता येणाऱ्या बारवा आणि विहिरी त्यासाठी आयत्याच होत्या. यावर लस नाही, कृमी मारणारे औषधही नाही. काडीला गुंडाळत, रोज थोडा थोडा ओढत तो बाहेर काढायचा, एवढाच उपाय.

भारताने १९८३-८४ मध्ये देशव्यापी मोहीम सुरू केली. कापडी गाळणी वाटली, पाण्यात टेमेफॉस टाकले, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून तिथे पाणी ओढून काढण्याची सोय केली. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त ठरवले. जगभरात १९८६ मध्ये अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत असे. २०२४ मध्ये हा आकडा १५ वर आला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात अशी उतरती आकडेवारी विरळाच.

जनुकांनी काय सांगितले?

कुत्र्यांत कृमी सापडल्यावर एक सोयीची शक्यता पुढे आली होती. हा माणसांचा नारू नसून कुत्र्यांचा वेगळाच कृमी असेल तर? तसे असते तर मोहिमेला माणसांचे आकडे मोजून थांबता आले असते. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही कृमींत फरक कळत नाही. त्यामुळे माणसांतून आणि कुत्र्यांतून काढलेले कृमी जपून प्रयोगशाळेत पाठवले गेले.

आधी आईकडूनच पुढच्या पिढीत जाणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील जनुकांची आणि मोजक्या जनुकीय खुणांची तुलना झाली. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात ब्रिटनमधील वेलकम सँगर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांचाही सहभाग होता. दोन्हींचा निष्कर्ष एकच निघाला. माणसातला आणि कुत्र्यातला कृमी एकाच प्रजातीचा तर आहेच, शिवाय एकाच समूहाचा आहे. म्हणजे कुत्र्यातून निघालेल्या मादीची अळी पुढे माणसात वाढू शकते आणि उलटही घडू शकते.

दुसरा निष्कर्ष अधिक बोचरा आहे. एखाद्या जीवाची संख्या मूठभरांवर आली की त्याचे जनुकीय वैविध्यही आटते. पुढे त्या मूठभरांची प्रजा हजारोंनी वाढली तरी हरवलेले वैविध्य लगेच भरून येत नाही. ओसाड पडलेल्या गावात दोनच कुटुंबे उरली, तर पुढे वस्ती कितीही वाढली तरी आडनावे दोनच राहतात, तसे हे आहे. चाडमधल्या नारूत निर्मूलन मोहिमेमुळे संख्या घटल्याच्या खुणा दिसल्या. मात्र त्यातले वैविध्य इतके शिल्लक होते, की ‘शून्य रुग्णां’च्या त्या दहा वर्षांत देशात कृमी नव्हतेच किंवा अगदी नगण्य होते, ही शक्यता संशोधकांना मान्य करता आली नाही. नारू तिथेच होता. तो कोणाला दिसत नव्हता किंवा दिसेल अशा ठिकाणी कोणी पाहत नव्हते. लॉग फाइल कोरी असली म्हणजे सर्व्हर ठणठणीत आहे असे कोणताही अभियंता मानत नाही. आरोग्य खात्यांत मात्र कोरा रकाना बरेचदा यश म्हणून पुढे पाठवला जातो.

मग चूक कुठे होते आहे?

नारूच्या बातम्यांत आजही ठळक आकडा मानवी रुग्णांचाच असतो. कुत्र्यांचा आकडा आलाच तर खालच्या परिच्छेदात येतो. वरची जनुकीय माहिती हाती असताना ही मांडणी दिशाभूल करणारी आहे. कृमींचा समूह एकच असेल, तर मोजणीही एकच हवी. २०३० पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठायचे असेल, तर निधी आणि माणसे कुत्र्यांच्या मागे जायला हवीत.

हे काम दिसायला किरकोळ आणि करायला चिवट आहे. चारी नदीकाठच्या गावांत मासे साफ करताना आतडी तिथेच टाकली जातात आणि कुत्री ती खातात. मासे आणि बेडूक यांच्यामार्फतही अळ्या कुत्र्यांपर्यंत पोहोचतात, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. म्हणून आतडी पुरायला सांगितले जाते, पाण्यात टेमेफॉस टाकले जाते आणि कृमी दिसलेले कुत्रे बांधून ठेवणाऱ्या मालकाला रोख बक्षीस मिळते. बांधलेल्या कुत्र्याला घरातलेच खायला घालावे लागते, हे मोहिमेच्या हिशेबात सहसा येत नाही. गरीब घरात हा खर्च छोटा नसतो. बक्षिसाची रक्कम ठरवताना तो धरला नाही, तर कुत्रे रात्री सोडले जाईल आणि पहाटे पाण्यावर असेल.

या उपायांनी चाडमधील बाधित कुत्र्यांची संख्या २०१९ नंतर बरीच खाली आली आहे. मात्र संसर्गापासून कृमी बाहेर येईपर्यंत वर्ष जाते. आज कुत्र्याच्या पायात दिसणारा नारू गेल्या वर्षी पोटात गेलेला असतो आणि यंदा नदीकाठी त्याने काय खाल्ले, ते पुढच्या वर्षीच्या आकड्यांत दिसेल.