उद्याच्या पिणाऱ्यांवर काढलेली हुंडी

श्रीरामपूर तालुक्यातील टिळकनगरचे नाव एके काळी साखरेशी जोडलेले होते. 1933 साली ‘महाराष्ट्र शुगर मिल्स’ म्हणून स्थापन झालेली कंपनी आज ‘टिळकनगर इंडस्ट्रीज’ या नावाने ओळखली जाते, आणि तिची ख्याती साखरेची नसून ‘मॅन्शन हाउस’ या ब्रँडीची आहे. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या या कंपनीचा भाग 2020 साली शेअर बाजारात वीस रुपयांच्या आसपास मिळत असे. 2025 साली त्याच भागाने चारशे रुपये ओलांडले. साहजिकच निवृत्त शिक्षक, पतसंस्थांचे सेवक, बागायतदारांची शिकलेली मुले यांच्या बैठकींत एक नवा प्रश्न चर्चिला जाऊ लागला: मद्य कंपन्यांचे भाग घ्यावेत ते लाभांशासाठी, की भाववाढीसाठी? या चर्चेत चळवळीचे हितचिंतकही सामील होतात, म्हणूनच या प्रश्नाचा समाचार घेणे अगत्याचे आहे.

प्रथम हिशेब पाहू जाता काय दिसते? 2024-25 या वर्षासाठी टिळकनगरच्या कंपनीने दहा रुपये दर्शनी किमतीच्या भागावर एक रुपया लाभांश दिला. कागदावर हा दहा टक्के लाभांश झाला. परंतु ज्याने तो भाग चारशे रुपयांना विकत घेतला, त्याच्या पदरी शेकडा चार आणे पडले. बँकेतील साधी मुदत ठेव याच्या कितीतरी पट व्याज देते. विजय मल्ल्या यांच्या साम्राज्यातून डिआजिओ या ब्रिटिश कंपनीच्या हाती गेलेल्या ‘युनायटेड स्पिरिट्स’ने तर सुमारे दशकभर भागधारकांना लाभांशच दिला नव्हता, तो 2023 साली पुन्हा सुरू झाला. तात्पर्य, ‘लाभांश की वाढ’ या वादाचा निकाल बाजाराने केव्हाच देऊन टाकला आहे. मद्याचा भाग विकत घेणारा मनुष्य आज मिळणाऱ्या रुपयासाठी चारशे रुपये मोजत नसतो. तो वाढीसाठी मोजत असतो.

मग ही वाढ म्हणजे काय? लाभांश हा काल प्यायल्या गेलेल्या दारूतून निघतो. भाववाढ मात्र जी दारू अद्याप कोणी प्यायलेली नाही, तिच्यावर उभी असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे 19 टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे एक टक्का मद्यपान करतात. समाजसुधारकाला या आकड्यांत एक संकट दिसते आणि एक दिलासाही दिसतो: पाचांतील चार पुरुष आणि जवळजवळ साऱ्या स्त्रिया अजून या विळख्याबाहेर आहेत. दलालाच्या अहवालात हाच दिलासा ‘वाढीस असलेला वाव’ म्हणून मांडला जातो! ज्या घरात आज बाटली नाही, ते घर त्याच्या लेखी न जिंकलेला मुलूख असते. म्हणून चारशे रुपयांचा तो भाग म्हणजे उद्याच्या पिणाऱ्यांवर आजच काढलेली हुंडी होय. ती वटली पाहिजे असेल, तर आज शाळेत असलेल्या मुलांपैकी काहींनी उद्या गुत्त्याची पायरी चढलीच पाहिजे.

या हुंडीचा आवाका लहान नाही. जुलै 2025 मध्ये टिळकनगरच्या कंपनीने पेर्नो रिकार या फ्रेंच कंपनीकडून ‘इम्पीरिअल ब्लू’ हा व्हिस्कीचा धंदा सुमारे 4,150 कोटी रुपयांना घेण्याचा करार जाहीर केला. स्वतःच्या वर्षभराच्या निव्वळ विक्रीच्या दुपटीहून मोठी ही रक्कम आहे. एवढे भांडवल गुंतल्यावर ते विक्री वाढविल्यावाचून स्वस्थ बसू शकत नाही. हा कोणा व्यवस्थापकाच्या दुष्टपणाचा प्रश्न नव्हे. हा भांडवलाचा स्वभाव आहे. कंपनीची ब्रँडी मुख्यतः दक्षिणेकडील राज्यांत खपते. म्हणजे नगर जिल्ह्यातील भागधारकाच्या खात्यावर जमा होणारी वाढ ही आंध्र-तेलंगणातील कष्टकऱ्याच्या मजुरीतून जाते. बायको-मुलांच्या ताटातील वजाबाकी इतक्या दूरच्या गावी होत असल्याने ती येथे दिसत नाही, इतकेच.

श्रीरामपूरच्या शेतकऱ्याला ‘लाभांश की वाढ’ हा प्रश्न वस्तुतः नवा नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या पट्ट्यातील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी खासगी साखर कंपन्यांना खंडाने दिल्या. ठरीव खंड शेतकऱ्याला आणि वाढ कंपनीला, अशी ती वाटणी होती. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्याने त्या जमिनी सरकारकडे आणि तेथून 1963 साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. खंडकऱ्यांना आपल्या जमिनी परत मिळू लागल्या त्या प्रदीर्घ लढ्यानंतर, 2012 साली. तुटपुंजा खंड घेऊन वाढ दुसऱ्याच्या हाती सोपविणे म्हणजे काय, हे ज्यांच्या आजोबांनी भोगले, त्यांची नातवंडे आता वाढीच्या बाजूला जाऊन बसू पाहतात. बाजू बदलली म्हणजे व्यवस्था बदलली, असे होत नाही. पिळला जाणारा बदलला, एवढाच त्याचा अर्थ होतो.

या व्यवहारातील सर्वांत मोठा लाभांशधारक मात्र शेअर बाजारात नाही, तो मंत्रालयात आहे. जून 2025 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविले आणि त्यातून वर्षाला सुमारे 14,000 कोटींचा जादा महसूल अपेक्षिला. त्याच निर्णयात धान्यापासून बनविलेल्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या वर्गाची सोय करण्यात आली. म्हणजे एका हाताने लाभांश आणि दुसऱ्या हाताने वाढ! ज्या कायद्याखाली हा महसूल गोळा होतो, त्याचे नाव आजही दारूबंदी अधिनियम असेच आहे, आणि मद्यनिषेधाचा आदेश देणारे राज्यघटनेचे 47 वे कलमही अद्याप रद्द झालेले नाही. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतिराव फुले यांनी 1880 साली दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध आवाज उठविला होता. महसुलासाठी प्रजेला पाजणाऱ्या राज्यकर्त्यांचे कूळ तेव्हापासून बदललेले दिसत नाही.

यावर दोन आक्षेप येतात, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा, की कायदेशीर मद्य नसेल तर विषारी दारू माजेल. यासाठी नगर तालुक्यातील पांगरमलचे उदाहरण दिले जाते. फेब्रुवारी 2017 मध्ये जिल्हा परिषद निवडणुकीच्या जेवणावळीत बनावट दारू पाजली गेली आणि माणसे मेली. परंतु त्या वेळी जिल्ह्यात दारूबंदी होती काय? परवानाधारक दुकाने राजरोस चालूच होती. पांगरमलने सिद्ध केले ते इतकेच, की उघडी दुकाने विषारी दारूला रोखीत नाहीत, आणि मतांच्या बाजारात बाटली हे चलन झाले आहे.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. बाजारात जुने भाग एकाकडून दुसऱ्याकडे जातात, कंपनीला त्यातून छदामही मिळत नाही. मग एका कार्यकर्त्याने शंभर भाग घेतले काय आणि न घेतले काय, दारूचा एक थेंब तरी कमी होतो काय? होत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु बदल दारूत होत नसून माणसात होतो. गावच्या स्त्रिया दुकान बंद करण्यासाठी मतदानाची मागणी करतात तेव्हा एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला मिळवावी लागतात. घरोघर हिंडून, नवऱ्यांचा मार आणि गुत्तेवाल्यांच्या धमक्या सोसून ही मते गोळा करावी लागतात. ज्याची निवृत्तीची शिल्लक उभ्या बाटलीवर अवलंबून आहे, तो कार्यकर्ता त्या मोर्चात कोणत्या तोंडाने चालणार? तो चाललाही, तरी त्याचा हितसंबंध त्या दिवशी घरी बसून पराभवाची वाट पाहत असेल. साध्य-साधन विवेकाचा महाराष्ट्रातील समाजवाद्यांनी आयुष्यभर आग्रह धरला तो पोथीतील सुभाषित म्हणून नव्हे. मनुष्याचा पैसा जेथे असतो तेथे हळूहळू त्याचे मतही जाऊन बसते, हा अनुभव त्यामागे होता.

हा विवेक केवळ शेअर बाजारापुरता ठेवून चालणार नाही. 1950 साली प्रवरेच्या काठी, लोणी येथे सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. त्याच जिल्ह्यातील काही सहकारी कारखान्यांच्या आसवनींत मळीपासून देशी दारू तयार होत आली आहे. तेव्हा ऊस उत्पादक सभासद हाही, नकळत का होईना, दारूचा लाभांशधारक ठरतो. त्याला दोष देऊन भागणार नाही. उसाला भाव मिळाला पाहिजे ही त्याची मागणी न्याय्यच आहे, आणि आसवनीतील कामगाराची भाकरीही तितकीच खरी आहे. परंतु पर्याय आज समोर आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट 2025 साली देशाने गाठले. तीच मळी, तीच आसवनी आणि तोच कामगार माणसाच्या यकृताऐवजी यंत्राच्या टाकीसाठी राबू शकतो.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभांत सभासदांनी उभे राहून विचारावे: आपल्या आसवनीतून इथेनॉल किती गेले, देशी दारू किती गेली आणि पिण्याची दारू बंद करण्याची मुदत कोणती? ज्या गावात स्त्रिया सह्या गोळा करीत आहेत, तेथे त्यांच्यामागे उभे राहावे. आणि ज्यांच्याकडे मद्याचे भाग आहेत, त्यांनी लाभांश बरा की वाढ बरी हा काथ्याकूट सोडून ते विकून टाकावेत. त्यात थोडे नुकसान होईल, कदाचित मोठी वाढही हुकेल. हुकू द्यावी. शेजारच्या घरातील मुलाने कधीही पिऊ नये, असे ज्याला निःशंक मनाने म्हणायचे आहे, त्याने ती हुंडी आधी आपल्या हातून फाडली पाहिजे.