द्राक्षाच्या चोथ्याचे मोल

नाशिक जिल्ह्यात जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत वाईनसाठी द्राक्षे गाळली जातात. रस टाक्यांत राहतो. साल आणि बिया यांचा चोथा बाहेर पडतो. द्राक्षांच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग असा उरतो आणि बहुधा खताच्या खड्ड्यात जातो. द्राक्षातील पॉलिफेनॉल वर्गाची अँटिऑक्सिडंट द्रव्ये, म्हणजे प्राणवायूच्या क्रियेने होणारी खराबी रोखणारी द्रव्ये, गरात अल्प असतात. ती मुख्यतः बियांत आणि सालीत असतात. म्हणजे जे फेकले जाते, त्यातच या द्रव्यांचा मोठा साठा असतो.

फ्रान्स व इटली या देशांत चोथा हा कच्चा माल मानला जातो. त्यापासून मद्यार्क, टार्टरिक आम्ल, बियांचे तेल व टॅनिन काढतात. सालीचा रंग खाद्यपदार्थांत वापरतात. पाणी व मद्यार्क यांच्या मिश्रणात ही द्रव्ये उतरवून घेण्याची कृती फारशी अवघड नाही. अडचण आहे ती व्यवहाराची. ओल्या चोथ्यावर थोड्याच दिवसांत बुरशी चढते, वाळविण्यास इंधन लागते आणि हंगाम अवघा तीन महिन्यांचा. एकट्या लहान कारखान्याला हा खर्च पेलत नाही. शिवाय फवारणीच्या औषधांचा अंश सालीवर राहिला असल्यास तो अर्कातही उतरू शकतो. म्हणून तपासणी अटळ ठरते.

अर्काच्या गुणांविषयीही तारतम्य हवे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही. उलट १८ टक्क्यांनी अधिक आढळला. तेव्हा द्राक्षाच्या अर्कालाही रामबाण औषध म्हणून मिरविण्यापेक्षा तेल खवट होऊ न देणे, पदार्थांना रंग देणे, अशा साध्या कामांत त्याचा उपयोग पाहावा.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. मळीपासून मद्यार्क आणि उसाच्या चिपाडापासून वीज काढण्यास सहकारी साखर कारखाने केव्हाच शिकले. राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आखून वाईन उद्योगाला सवलती दिल्या. त्याच धोरणाची पुढली पायरी म्हणून विंचूरसारख्या ठिकाणी चोथा वाळविण्याचे सामायिक केंद्र उभारता येईल. मात्र चोथ्याला वजनावर भाव मिळाला आणि त्याचा वाटा बागाईतदारापर्यंत पोहोचला, तरच हा उद्योग शेतीचा म्हणता येईल. एरवी उकिरड्यातले धन दुसऱ्याच्याच पेढीवर जमा व्हायचे.