सुखाने नांदत आहेत

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या दस्तलेखकाकडे शेतकरी मृत्युपत्र करायला बसतो. गट नंबर कोणता, क्षेत्र किती, चतुःसीमा काय, हे त्याला विचारले जाते. एक वाक्य मात्र न विचारता टंकले जाते. थोड्याफार फरकाने ते सगळीकडे सारखेच असते: 'मुलींची लग्ने मी यथाशक्ती करून दिली असून त्या आपापल्या सासरी सुखाने नांदत आहेत. सबब त्यांना मिळकतीत हिस्सा दिलेला नाही.'

सुखाने नांदत आहेत, हे कोणाला विचारून लिहिले? मुलीला नाही. ती त्या दिवशी तिथे नसतेच. दोन साक्षीदार लागतात, ते गावातले असतात. शेजारी मोटारसायकलवर घेऊन आलेला थोरला मुलगा असतो. त्याच्या सुखाविषयी दस्तात अक्षर नसते. धाकटा पुण्यात नोकरीला असेल, स्वतःचा फ्लॅट असेल, तरी त्याचा वाटा कमी होत नाही. मुलगा सुखात आहे म्हणून त्याला जमीन दिली नाही, असे मृत्युपत्र आमच्या तरी पाहण्यात नाही.

लग्नाच्या खर्चाचेही तसेच. मुलाच्या लग्नातही मांडव पडतो, पंगती उठतात. तो खर्च त्याच्या हिश्शातून वजा होत नाही. मुलीच्या लग्नातला पैसा मंडपवाल्याला गेला, आचाऱ्याला गेला, व्याह्यांच्या मानपानाला गेला. तिच्या नावावर त्यातले काय राहिले? आणि हुंडा तर १९६१ पासून कायद्याने गुन्हा आहे. तो मुलीचा वाटा म्हणून कसा धरायचा?

त्या वाक्याचा काळ पाहा. वर्तमानकाळ आहे. मृत्युपत्र लागू होते ते करणारा गेल्यावर, कधी दहा वर्षांनी, कधी वीस वर्षांनी. तोवर नवरा गेलेला असू शकतो. तिला घराबाहेर काढलेले असू शकते. ती दोन लेकरांना घेऊन माहेरच्याच गावात भाड्याच्या खोलीत राहून दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जात असू शकते. ज्या बांधावरून ती रोज जाते, ती जमीन वडिलांची. कागद मात्र अजून तेच सांगत असतो: सुखाने नांदत आहेत.

हक्कसोडपत्राला निदान तिची सही लागते. भावाच्या दबावाखाली का होईना, तिला तालुक्याला यावे लागते, अंगठा द्यावा लागतो, फोटो काढावा लागतो. मृत्युपत्राला तेवढेही लागत नाही.

बरे, वडिलांचा अधिकार तरी केवढा? स्वकष्टार्जित जमीन असेल तर ती त्यांनी कोणालाही द्यावी. पण गावाकडची बहुतेक जमीन आजा-पणजापासूनची. तिच्यात मुलीचा वाटा जन्मानेच आहे, मुलाइतकाच. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायदा हेच सांगतो. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. वडिलोपार्जित आठ एकर आहेत, आई आधीच गेली आहे, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे, असे धरू. वडिलांसह चार वाटे होतात. म्हणजे वडिलांना मृत्युपत्राने देता येतात ते दोन एकर. उरलेल्या सहामधले दोन मुलीचे आहेत. ते वडिलांचे नव्हतेच, तर ते तिला 'दिलेले नाहीत' असे ते लिहितात कसे? तरीही आठच्या आठ एकर दोन भावांच्या नावे टंकले जातात. पुढे त्याच कागदावर फेरफार धरला जातो. मुलीला हरकत घ्यायची तर सख्ख्या भावांविरुद्ध उभे राहावे लागते. दिवाळीला माहेरी जायचे दार आपल्याच हाताने लावून घेण्याची तिची तयारी नसते. हे त्या वाक्याच्या भरवशावर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असते.

वडिलांना स्वतःचा वाटा मुलांनाच द्यायचा असेल तर तसे सरळ लिहावे: माझा हिस्सा मी मुलांना देतो. तेवढे पुरते. त्यासाठी मुलीच्या संसाराचा दाखला जोडायची गरज नाही. त्याहून बरे म्हणजे हयातीतच वाटणी करावी, मुलीचे दोन एकर तिच्या नावे सातबाऱ्यावर चढवावेत आणि त्या दिवशी तिला तालुक्याला बोलवावे. सासरी कसे चालले आहे, हे तेव्हा तिलाच विचारता येईल.