मलब्याचं मी बघतो!

रिनोव्हेशन म्हटलं की आपला सगळा जीव टाइल्सच्या शेडमध्ये अडकतो. ग्लॉसी की मॅट, यावर तीन वीकेंड सहज जातात. जुन्या फरशीचं काय करायचं, हा प्रश्न मात्र अर्ध्या मिनिटात संपतो. ठेकेदार म्हणतो, ‘साहेब, टेन्शन नका घेऊ, मलब्याचं मी बघतो.’ आपण खूश! त्या ‘बघतो’चा पत्ता नंतर सापडतो : कुणाचा तरी रिकामा प्लॉट, नाल्याचा काठ, नाहीतर गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याची कड.

पुणेकर याला राडारोडा म्हणतात, आम्ही विदर्भातले मलबा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मलब्यात आणखी एक ऐवज असतो, तो म्हणजे लाकूड. जुनी कवेलूची घरं पाडून स्लॅब टाकायचं काम जोरात आहे, आणि त्या घरांच्या तुळया, खांब, चौकटी असायच्या सागाच्या.

आता या सागाची जंगलातली ऐट बघा. झाड तोडलं की ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का बसतो. नंबर पडतो, लांबी-गोलाई लिहिली जाते, वाहतूक परवान्याशिवाय गाडी हलत नाही. बल्लारशाच्या डेपोत एकेक ओंडका मोजून लावलेला असतो. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी इथलं सागवान निघालं, तेव्हा तर चक्क शोभायात्रा निघाली होती! तोच साग पन्नास-साठ वर्षं कुणाच्या तरी घराचं दार होऊन उभा राहतो आणि घर पडलं की बेवारस. ना नंबर, ना मोजमाप.

अगदीच बेवारस नाही म्हणा. घर पाडायचं कंत्राट घेणारा आधी चौकटी मोजतो, मग भाव सांगतो. धड माल त्याच्याकडून जुन्या लाकडाच्या दुकानात जातो. प्रश्न उरलेल्याचा आहे. किडलेल्या तुळया, तुटके वासे, सिमेंट आणि खिळ्यांनी भरलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या मलब्यात जातात किंवा जळतात. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, त्यामुळे रंगवलेलं दार चुलीत घालणं म्हणजे घरातच विषारी धूर करणं.

कायदा नाही असं नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त मलबा काढणाऱ्याला चार वेगळे ढीग करायला सांगितले : काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि चौथ्यात लोखंड, लाकूड, प्लास्टिक एकत्र! हे लिहिणाऱ्याने सागाची चौकट कधी उचलून पाहिली नसावी. पाच लाखांखालच्या शहरांना प्रक्रिया केंद्र सुरू करायला तीन वर्षं दिली होती. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर सव्वातीन लाखांच्या आत होतं, म्हणजे त्याची मुदत मार्च २०१९. पुढे २०२५ मध्ये नवे नियम निघाले, १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारे. त्यात २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांच्या मालकांवर मलब्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. छान. पण तुमचं-माझं बाथरूम किंवा मूलमधलं एखादं कवेलूचं घर त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. तो मलबा शेवटी नगरपालिकेच्याच गळ्यात.

दिल्लीने २००९ मध्ये बुराडीला मोठा प्लांट उभारला, त्यांना ते शोभतं. चंद्रपूर ते गडचिरोली अंतर साधारण ८० किलोमीटर. विटांचे तुकडे एवढ्या लांब न्यायचे तर डिझेलच मालापेक्षा महाग पडेल. मला विचाराल तर इथे ट्रकवर फिरणारा क्रशर हवा. महिन्यातले ठरावीक दिवस चंद्रपूर, ठरावीक दिवस बल्लारपूर, मग राजुरा, मूल, गडचिरोली. तोपर्यंत प्रत्येक गावात मलबा टाकायला एक कुंपण घातलेली जागा. आणि त्यासाठी कुणीतरी आधी मोजायला हवं : वर्षाला किती घरं पडतात, किती ट्रॉल्या निघतात. पाडकामाच्या परवानगीच्या अर्जात दोन रकाने वाढवले तरी सुरुवात होईल.

‘पण तो चुरा घेणार कोण?’ असं विचारणाऱ्यांनी चंद्रपूरच्या राखेकडे बघावं. औष्णिक वीज केंद्राची राख हीही नकोशीच वस्तू. १९९९ च्या अधिसूचनेने वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना ती वापरणं बंधनकारक केलं, २००३ मध्ये हे अंतर १०० झालं, २०१६ मध्ये ३००. राखेचा प्रश्न मिटला असं कुणी म्हणणार नाही, पण तिच्या विटा आज घरांना लागतात. २०१६ च्या नियमांतही सरकारी कामांत १० ते २० टक्के माल मलब्यापासून बनवलेला वापरावा असं होतं. फुटपाथचे ब्लॉक, नालीच्या कडा, रस्त्याखालची भर यांची टेंडरं तर नगरपालिका दरवर्षी काढतेच.

राहिलं लाकूड. क्रशरच्या शेजारी एक शेड, खिळे उपटायला दोन माणसं, आणि महिन्यातून एकदा लिलाव. लाकूड मोजून, वर्गवारी करून लिलावात कसं काढायचं हे शिकायला कुणाला परदेश दौऱ्यावर पाठवायची गरज नाही. ती माणसं बल्लारशाच्या डेपोतच आहेत, चंद्रपूरपासून पंधराएक किलोमीटरवर.